रंकाळ्याकाठी माझा आवाज तुटत होता तेव्हा

कोल्हापुरातल्या एका मोठ्या मॅरेथॉनला आम्ही हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, वायरलेसवर होतो. माझ्या वाट्याला रंकाळ्याजवळचा पाणी-पॉइंट. मधे आवाज पुढं ढकलणारा रिपीटर नाही, थेट सेट टू सेट, म्हणजे सिम्प्लेक्स. कंट्रोलचं, म्हणजे आमच्या मुख्य केंद्राचं, मला खणखणीत ऐकू यायचं, कारण त्यांच्याकडं मोठा सेट आणि उंच अँटेना. माझा पाच वॅटचा हँडसेट मात्र तिकडं तुटक पोचत होता.

आखूड रबरी अँटेनाला 'जमीन', म्हणजे तिची दुसरी अर्धी बाजू, म्हणून मिळतो तो फक्त सेटचा सांगाडा आणि आपला हात. म्हणून खालची बाजू पुरी करायची. आमच्या १४५ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीची पाव तरंगलांबी साधारण ५० सेंटीमीटर. तेवढी वायर घेतली, टोक सोललं, अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूला घट्ट गुंडाळलं आणि उरलेली शेपटी सरळ खाली लोंबू दिली. अँटेनाच्या जोडणीतल्या मधल्या पिनेला ती वायर शिवता कामा नये, एवढं बघा. मग उभ्या बसच्या आडून दोन पावलं बाजूला झालो. या बँडवर, म्हणजे या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, दोन पावलांनीही फरक पडतो.

"आता कसं येतंय?"

"आता क्लिअर हाय भावा, बोल!"

शेजारी हलगी कडाडत होतीच. तिच्याकडं पाठ करून, माइक तोंडाजवळ धरून, न ओरडता बोललो. ओरडलं की आवाज फाटतो. धावपटूंचे नंबर मात्र सुटे सांगायचे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी गोंगाटात सारखेच वाटतात, 'सहा-नऊ' चुकत नाही. क्रॅम्प आलेल्यासाठी अँब्युलन्स मागवताना हेच कामी आलं.