जर्मनीला निघालात? आधी जेवणाचं बोलू

दरवर्षी ऑगस्टमध्ये मी महिनाभर कोथरूडला आईकडे येते आणि त्याच महिन्यात ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी किंवा मुलगा भेटायला येतो. ऑक्टोबरचं सेमिस्टर, व्हिसा हातात, बॅगा अर्ध्या भरलेल्या. बँकेचं खातं, विमा, पत्त्याची नोंदणी यांबद्दल या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. जेवणाचा मात्र त्यांनी काहीच विचार केलेला नसतो. तो प्रश्न त्यांची आई विचारते, निघताना, चपला घालता घालता: "तिकडे पोळी-भाजीची सोय होते ना हो?"

होते. पण कशी होते ते दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून हे लिहितेय. मी २००६ साली श्टुटगार्टला गेले. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले होते, हॉटेलात सफरचंदाचा रस कसा मागायचा ते तोंडपाठ होतं. तरी पहिले सहा महिने मी धड जेवले नाही. सात किलो वजन उतरलं. पुढे जी जी मुलं आली त्यांनाही तेच करताना पाहिलं आणि दर वेळी जीव तुटला.

आधी बॅगेचं. तूप नेऊ नका. पेढे, बर्फी, खवा, पनीर, श्रीखंडाचा डबा, काही नेऊ नका. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीसारखे मोजके अपवाद आहेत, त्यांत आपलं तूप बसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. २०१० च्या दिवाळीनंतर परत जाताना आईने अडीच किलो तूप दिलं होतं. महिनाभर साय साठवून, विरजून, घुसळून कढवलेलं, रवाळ. स्टीलचा डबा, झाकणाला चिकटपट्टी, वरून दोन जुने टॉवेल. तपासणीतल्या बाईंनी हातमोजे घालून पट्टी सोडवली, झाकण उघडलं आणि तो वास त्या पांढऱ्या खोलीत पसरला. त्या चांगलं बोलल्या, आवाजही चढवला नाही. डबा मात्र माझ्यासमोर कचऱ्याच्या पेटीत उपडा केला आणि मोकळा डबा मला परत दिला. दंड आणि विल्हेवाटीचा खर्च मिळून माझ्या महिन्याच्या किराण्याइतके पैसे गेले. पुढे दोन वर्षं आई फोनवर विचारायची, "तूप पुरतंय ना गं?" आणि मी हो म्हणायचे. तेव्हा तूप नेऊ नका. आईने कितीही आग्रह केला, डोळ्यांत पाणी आणलं, तरी नेऊ नका.

ताज्या फळं-भाज्यांचंही तसंच. १४ डिसेंबर २०१९ पासून सरकारी रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय फक्त पाच फळं नेता येतात: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे कढीपत्ता, कैऱ्या, अळूची पानं बॅगेतून काढा. आणि दुबईमार्गे जात असाल तर अनारसे इथेच खाऊन निघा. त्यांना खसखस लावलेली असते, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. जर्मनीत त्याच खसखशीचे केक बेकरीत मांडलेले असतात, पण वाटेत ती बॅगेत सापडली तर ते सांगून उपयोग नाही.

न्यायचं ते हे: थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, घट्ट झाकणाच्या डब्यात हिंग. फराळातली चकली, चिवडा, बाकरवडी. गोड्या मसाल्यात किंवा बाकरवडीत खसखस असेल तर दुबईमार्गे तीही नको. भाजणी दोन किलो घ्या. ती तिकडे सहज मिळत नाही, आणि आजारी पडलात की तीच आठवते.

तूप तिथे मिळतं. बुटरश्माल्त्स म्हणतात, साध्या दुकानात असतं. मात्र नाव पूर्ण वाचा. नुसतं श्माल्त्स किंवा श्वाइनेश्माल्त्स लिहिलेलं असेल तर ती डुकराची चरबी असते, दिसायला तशीच पांढरट, डबाही तसाच. सदाशिव पेठेतला एक मुलगा पंधरा दिवस ती वरण-भातावर घेत होता. घरात पिढ्यान् पिढ्या शाकाहार. कळल्यावर दोन दिवस त्याच्या घशाखाली काही उतरलं नाही. मी त्याला घरी आणून ठेवलं होतं, म्हणून हे इतक्या कळकळीने सांगतेय.

बाकी किराण्याचं भराभर सांगते. क्वार्क हा आपला चक्काच. जास्त स्निग्धांशाचा घ्या, रात्रभर फडक्यात टांगा, उत्तम श्रीखंड होतं. वरण-भाताला बासमतीच्या मागे लागू नका. खिरीसाठी आखूड, गोल दाण्याचा मिल्शराइस मिळतो, त्याचा गुरगुट्या भात अगदी आपल्यासारखा होतो. हार्टवाइत्सनग्रीस म्हणजे उपम्याचा रवा. पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर शंभर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम क्षार उरतात ते त्यावरून कळतं. ४०५ म्हणजे मैदा. पोळीला १०५० घ्या, त्यात थोडं ४०५ मिसळा. रविवारी दुकानं बंद. पेयाची प्लास्टिकची बाटली फेकू नका, २५ सेंट परत मिळतात.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. तिकडे खूप लोक आता शाकाहारी आहेत आणि चांगली सोय आहे, पण जुन्या धाटणीच्या खाणावळीत "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. श्पेकचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीचे, बारीक तुकडे ही तिथे फोडणीसारखी गोष्ट आहे, तिला कुणी मांस म्हणत नाही. आमच्या श्वाबेन भागातली बटाट्याची कोशिंबीर मांसाच्या रश्शात कालवतात. समोर फक्त बटाटा दिसतो. मी ती पहिलं वर्षभर आवडीने खाल्ली. माझ्या आजोळी मासे चालतात, मला तेवढं लागलं नाही, पण तुम्हाला लागेल. दह्याच्या गोड प्रकारांत आणि चघळायच्या गोळ्यांत गेलाटीने, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असतं, चीजमध्ये बरेचदा वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं लाब. "वेगेटारिश" हा शब्द उच्चारून विचारा आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा.

आता माझ्या आवडीचं. ब्रेडला नावं ठेवणारी आपली माणसं मला अजिबात आवडत नाहीत. पुण्यात ब्रेड म्हणजे आजाऱ्याला द्यायचा किंवा सँडविचचा, म्हणून ती तिकडच्या राय नावाच्या धान्याच्या काळ्या, जड पावाला हात लावत नाहीत आणि दहा वर्षं दुकानातला तोच पांढरा पुडा खातात. तिथे पावाचे तीन हजारांहून जास्त प्रकार नोंदलेले आहेत आणि २०१४ मध्ये त्यांनी आपल्या पावाची परंपरा सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली. आपल्याला भाकरी जशी, तसा त्यांना तो पाव. आंबट असतो, चावावा लागतो. पहिल्यांदा नुसता खाऊ नका. पातळ काप काढून घ्या, तव्यावर कडक भाजा, वर तूप आणि लसणीची चटणी. महिन्याभरात चटणीशिवाय आवडायला लागेल. रात्रीचं जेवण तिथे बहुतेक घरी थंड असतं, पाव, चीज, काकडी. ते मला अजून जमलेलं नाही. रात्री वाफाळता भात लागतोच.

मला खरी चव लावली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते. त्यांनी वर येऊन पाहिलं, काही न बोलता खाली गेल्या आणि तासाभराने मला हाक मारली. ओट्यावर लाकडी फळी, तिच्यावर सैलसर भिजवलेलं अंड्याचं पीठ. त्या लांब पात्याने त्याच्या बारीक पट्ट्या कापत थेट उकळत्या पाण्यात सोडत होत्या, हात इतका भराभर की पातं दिसत नव्हतं. पट्ट्या वर तरंगल्या की झाऱ्याने उपसायच्या. ते स्पेट्सले. बाजूच्या पातेल्यात अख्खा मसूर शिजत होता, लिन्झन. ताटात मसूर, शेजारी स्पेट्सले, आणि शेवटी त्यांनी वरून व्हिनेगरची बारीक धार सोडली. सोबतचं सॉसेज त्यांनी माझ्या ताटात वाढलं नाही, मी न सांगता. पहिल्या घासाला मला रडू आलं. त्या चकोल्या होत्या हो! आमटीत शिजलेली कणीक, चिंचेच्या जागी व्हिनेगर, गोडा मसाला सोडला तर माझ्या आजीच्या हातच्याच. त्या घासापासून मी तिकडे जेवायला लागले. तुम्ही ज्या गावी जाल तिथला असा एखादा पदार्थ शोधा. औंधच्या ब्रेमेन चौकामुळे पुण्याला ठाऊक असलेल्या ब्रेमेनला गेलात तर हिवाळ्यात ग्र्यूनकोल मिळेल, शिजवून मऊ केलेली हिरवी कोबीवर्गी भाजी. सॉसेज बाजूला ठेवलं तर अळूच्या फदफद्याची आठवण येते.

सगळंच आवडलं असं नाही. पावावर डुकराचा कच्चा खिमा लावून खातात, मेट म्हणतात, त्याच्याकडे मी बघूही शकत नाही. पांढऱ्या शतावरीसाठी, म्हणजे ॲस्परागससाठी, एप्रिलपासून २४ जूनपर्यंत सगळा देश वेडा होतो; मला ती पाणचट लागते. पण तिच्यासाठी वर्षभर थांबणं, आणि २४ जूनला हंगाम संपला म्हणजे संपला, हे मला फार आवडतं. हापूसची वाट पाहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

भाजी तुर्की दुकानातून घ्या. १९६१ च्या करारानंतर कामगार म्हणून आलेल्या तुर्की लोकांमुळे आपली निम्मी मंडई तिथे भेटते: कोथिंबिरीच्या जाड जुड्या, भेंडी, लहान वांगी, हिरव्या मिरच्या, डाळिंबं. आयरान म्हणजे मीठ घातलेलं ताकच. दुकानदाराशी दोन शब्द बोला, तो पुढच्या वेळी कोवळी भेंडी काढून देईल. व्हिएतनामी खाणावळीतलं गरम सूप सर्दीला औषध आहे, पण शाकाहाऱ्यांनी तिथेही रस्सा विचारायचा, माशाचा सॉस असतो.

भारतीय हॉटेलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिथे बहुतेक ठिकाणी सगळ्या भाज्या एकाच नारिंगी, गोडसर ग्रेव्हीत येतात. जर्मन सहकाऱ्याला तिथे नेऊन "हे आमचं जेवण" म्हणू नका. घरी बोलवा, थालीपीठ आणि लोणी द्या. मराठी मंडळाच्या गणपतीतही अलीकडे पनीर मागवतात, ते मला खटकतं. पन्नास माणसांना मसालेभात आणि मठ्ठा करणं इतकं अवघड नाही, मी दोनदा केलाय.

आणि आता, तुपाइतकंच महत्त्वाचं. कुणी जेवायला बोलावलं आणि "अजून घेणार का?" विचारलं, तर हवं असल्यास लगेच हो म्हणा. आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं, मग यजमान आग्रह करणार, मग थोडंसं, मग अजून थोडंसं. तिथे नको म्हणजे नको. भांडं पुढे जातं आणि परत येत नाही. त्यात रुक्षपणा नाही. तुमच्या शब्दाला मान देण्याची त्यांची ती पद्धत आहे, आग्रह केला तर त्यांना तो अपमान वाटतो. पहिल्या नाताळात मी प्राध्यापकांच्या घरी तीन पदार्थांना नको म्हटलं, आणि रात्री खोलीवर येऊन कोरडे पोहे खाल्ले. पुढच्या वर्षी हो म्हटलं तेव्हा बाईंचा चेहरा असा फुलला की वर्षभर मी त्यांनाही वाईट वाटू दिलं होतं हे तेव्हा कळलं. उलट तुमच्याकडे ते आले तर पानात न विचारता वाढू नका. पानात पडलेलं संपवायचंच अशी त्यांची शिस्त असते, बिचारे कष्टाने खातात.

फोडणीआधी निजायच्या खोलीचं दार लावा आणि कोट कपाटात ठेवा. हिंग-मोहरीचा वास लोकरीत आठवडाभर राहतो. आपल्या जेवणाची लाज वाटायचं कारण नाही, पण ट्रॅममध्ये शेजारच्याला तो वास का म्हणून? वसतिगृहात धुराचा भोंगा डोक्यावर असतो. मिरची तेलात टाकण्याआधी खिडकी उघडा.

शेवटी भांडी. बऱ्याच घरांत गॅस नसतो, काचेची सपाट शेगडी किंवा इंडक्शन असते. लक्ष्मी रोडवरून ॲल्युमिनियमचा कुकर घेऊन जाल तर इंडक्शनवर तो तापणारच नाही, आणि गोल बुडाची कढई कुठल्याच काचेवर टेकत नाही. इंडक्शनचा, सपाट बुडाचा, तीन लिटरचा स्टीलचा कुकर घ्या. सोबत दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी घ्या. आपल्या कुकरची रिंग तिकडे सहज मिळत नाही, आणि ती नेमकी जानेवारीत, बाहेर बर्फ असताना तुटते.