सातव्या गल्लीत लटकणारे स्कॅनर

भिवंडीच्या आमच्या गोदामात हातातले स्कॅनर सातव्या गल्लीत हमखास लटकायचे. पोरं बारकोडवर लाल रेघ धरून उभी आणि पडद्यावर चाक फिरतंय. मालक म्हणाले, अजून दोन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी डबडी) लावा. लावले, आणि त्रास वाढला!

मग स्कॅनर घेऊन मीच चालत गेलो. दारापाशी ज्या पॉइंटला तो जोडला गेला, त्यालाच शेवटच्या रॅकपर्यंत चिकटून राहिला. सिग्नल उणे ८२ डीबीएम (आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल क्षीण), आणि डोक्यावरचा पॉइंट मोकळा! सगळे पॉइंट पूर्ण ताकदीवर, त्यातले तीन एकाच चॅनेलवर, म्हणजे एकमेकांच्या आड येणारे.

पॉइंटची पॉवर उतरवली. २.४ गिगाहर्ट्झवर फक्त १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनेल ठेवले, क्षीण सिग्नललाही चिकटून राहू देणारे १ आणि २ एमबीपीएसचे जुने वेग बंद केले (फार जुने स्कॅनर असतील तर आधी तपासा, जोडलेच जाणार नाहीत). स्कॅनरमध्ये रोमिंगची, म्हणजे दुसरा पॉइंट शोधायला लागण्याची, मर्यादा उणे ७० केली.

तरी सातवी गल्ली अडलीच. तिथे पाण्याच्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत. पाणी सिग्नल गिळतं, आणि मी मोजमाप केलं होतं रिकाम्या गोदामात. गल्लीच्या तोंडाशी एकाच दिशेला फेकणारा अँटेना लावला, तेव्हा सुटलं.

परवा एक स्कॅनर पुन्हा बंद पडला. धावत गेलो, तर बॅटरी उतरलेली.