स्लाव्होनिक शब्दांखाली देवनागरी ओळ : माझा अनुभव

आमच्या स्त्री-पुरुषांच्या मिश्र कॉयरमध्ये (गायनवृंदात) रशियन संगीतकार रखमानिनॉफच्या 'ऑल-नाइट व्हिजिल' या प्रार्थनासंगीतामधला (1915, ओपस 37) सहावा भाग, 'बोगोरोदित्से द्येवो' (देवमाता कुमारी), बसवायचा होता. भाषा चर्च स्लाव्होनिक, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी प्रार्थनाभाषा, साथीला एकही वाद्य नाही. प्रतीत शब्द रोमन लिपीत, त्यामुळे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास सगळ्यांचे उच्चार वेगळे. एकत्र स्वर धरला की गढूळ लागायचा.

म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर निवडून कंट्रोल-एल दाबलं आणि एंटर मारून रोमनखाली देवनागरीची दुसरी ओळ घातली. काना-मात्रा अक्षरांपासून सुट्या पडत होत्या. स्टाइलमध्ये गीताच्या सम ओळींचा फॉन्ट वेगळा ठेवता येतो, तिथे नोटो सॅन्स देवनागरी निवडल्यावर अक्षरं नीट जुळली.

खरं काम शब्द तोडण्याचं. 'बो-गो-रो-दि-त्से' असंच तोडा. 'त्से' हे जोडाक्षर पुढच्या सुरावर गेलं की 'दि'मधला इकार पूर्ण लांबीचा गाता येतो, आणि कॉयरचा सगळा नाद स्वरांच्या त्या लांबीतच असतो. आघात नसलेला 'ओ'ही 'ओ'च ठेवायचा. बोलीभाषेतल्या रशियनसारखा 'अ'कडे झुकू द्यायचा नाही. रशियन शिकलेल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. 'द्येवो'तला मऊ 'द्ये' मात्र आपल्या लिपीत किती नेमका उतरतो!

पुढची तालीम नव्या प्रतीवर झाली. चारही आवाजांचा 'ओ' एक झाला.