कॉन्फरन्सला जाताय? या चुका टाळा, नाहीतर हातात नुसतं सर्टिफिकेट उरतंय

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पीएचडीवाली आणि कॉलेजात शिकवणारी मंडळी कॉन्फरन्सला जातात ती बऱ्याचदा एकाच कामासाठी, सर्टिफिकेट. किट बॅग घ्यायची, उद्घाटनाला बसायचं, जेवायचं, ग्रुप फोटोत उभं राहायचं आणि दुपारची गाडी धरायची. फाईलीत एक कागद वाढतो, बस्स. खरा फायदा म्हणजे तुमच्याच विषयात डोकं घालून बसलेला दुसरा माणूस भेटणं, आणि तो निवांत सापडतो तो दुपारच्या चहालाच, तोवर तुम्ही बसस्टँडवर असताय.

अजून कितीतरी जण जुना नियम धरून बसलेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१६ च्या रेग्युलेशनप्रमाणे थीसिस द्यायच्या आधी एक पेपर जर्नलमध्ये आणि दोन प्रेझेंटेशन कॉन्फरन्स-सेमिनारमध्ये लागायचे, २०२२ च्या नव्या रेग्युलेशनमध्ये ही सक्ती काढली. पण युनिव्हर्सिटी स्वतःचे नियम ठेवू शकते, त्यामुळं बेळगावची राणी चन्नम्मा असो, धारवाडची कर्नाटक युनिव्हर्सिटी असो की कोल्हापूरची शिवाजी, तुमच्या रजिस्ट्रेशनच्या वर्षाला काय लागू आहे ते पीएचडी सेक्शनला जाऊन विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. सक्ती नसेल तर उलट बरंच की, मिळेल तिथं पळण्यापेक्षा एका चांगल्या ठिकाणी तयारीनं जाता येतंय.

फी भरायच्या आधी बघा

शेती, संस्कृत, कॉमर्स आणि एआय सगळं एकाच छताखाली, ॲबस्ट्रॅक्ट पाठवलं की दुसऱ्या दिवशी ॲक्सेप्टन्स, आणि खाली क्यूआर कोड. असं दिसलं की हात आखडता घ्या. जर्नल काढणाऱ्या आणि कॉन्फरन्स भरवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स ग्रुपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २०१६ ला केस घातली होती आणि २०१९ ला कोर्टानं पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचा आदेश दिला. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं त्यांना न विचारताच कॉन्फरन्सच्या जाहिरातीत टाकतात, हा त्यातला एक आरोप. म्हणून ब्रोशरवर ज्यांचं नाव स्पीकर म्हणून छापलंय त्यांच्या कॉलेजच्या साईटवरून ईमेल काढा आणि सरळ विचारा, सर तुम्ही येणार आहात का. उत्तर बहुतेक वेळा येतं. मागच्या वर्षीचं प्रोसिडिंग, म्हणजे वाचलेल्या पेपरांचं पुस्तक, मागा. "स्कोपस गॅरंटी" (स्कोपस म्हणजे संशोधन पेपरांची मोठी आंतरराष्ट्रीय सूची) असं लिहिलं असेल तर तिथंच सोडा, पेपर छापायच्या आधी इंडेक्सिंगची, म्हणजे त्या सूचीत नोंद होण्याची, गॅरंटी आयोजक देऊच शकत नाहीत. यूजीसी केअर ही मान्य जर्नलांची यादी तर २०२५ ला बंद झाली, तरी ब्रोशरवर ते नाव अजून मिरवतंय.

स्लाईड उघडली आणि मराठीचं सगळं आगडबगड

ही आपल्या भागातली खास अडचण. घरच्या नाहीतर झेरॉक्स सेंटरच्या कॉम्प्युटरवर मराठी श्रीलिपीत टाईप केलेलं असतं, कन्नड मजकूर नुडीत, आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरवर दोन्ही फॉन्ट नसतात. मग पडद्यावर चिन्हांची खिचडी येते, चेअरपर्सन घड्याळ बघतात, आणि दहा मिनिटांतली चार फॉन्ट शोधण्यात जातात. यावर उपाय म्हणजे सगळं युनिकोडमध्ये टाईप करायचं, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसतं. जुना मजकूर कन्व्हर्ट केला असेल तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची, तिथंच हमखास गडबड होते. शिवाय पीपीटीसोबत पीडीएफ ठेवायचीच, पेन ड्राईव्हवरही आणि स्वतःच्या मेलवरही, आणि आपलं सेशन सुरू व्हायच्या आधीच्या चहाला हॉलमध्ये जाऊन एकदा उघडून बघायची. पोस्टर असेल तर साईज आधी विचारा, ए-झिरो म्हणजे साधारण ८४ बाय ११९ सेंटीमीटर, उभं की आडवं तेही विचारा, कारण बोर्ड उभा आणि पोस्टर आडवं झालं तर दोन्ही बाजूनं लोंबतंय.

जेवणानंतरच्या सेशनला हॉल निम्मा रिकामा असतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. समोर सात-आठ जण असले की उलट गप्पा चांगल्या होतात. खरी चूक होते ती प्रश्न आल्यावर, अंगावर धावून आल्यासारखं उत्तर देतात नाहीतर "येस सर, थँक्यू सर" म्हणून बसतात. कोणी विचारलं, काय विचारलं, ते लगेच वहीत लिहा, कारण तोच प्रश्न उद्या व्हायव्हाला (थीसिसची तोंडी परीक्षा) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, विचारू शकतो, आणि इथं तो फुकटात कळलाय. इंग्रजीत अडखळत असाल तर हॉलमध्ये थोडक्यात बोला आणि चहाला त्याच माणसाला गाठून मराठीत नाहीतर कन्नडमध्ये सविस्तर बोला, आपल्याला दोन्ही येतंय हा कमीपणा नाही, धारवाडला गेलं तरी चालतंय आणि कोल्हापूरला गेलं तरी चालतंय. घरी आल्यावर दोन-चार दिवसांत एक मेल टाका, त्यात "नाईस टू मीट यू" नको, बोलण्यात निघालेला संदर्भ किंवा तुमचा पेपर जोडा. महिन्यानं टाकलेल्या मेलला तुम्ही कोण हेच आठवत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडं जाणार असाल तर गाड्यांची चौकशी आदल्या दिवशी करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांच्या बसेस अडकल्या होत्या, १ नोव्हेंबरच्या (कन्नड राज्योत्सव आणि मराठी मंडळींचा काळा दिन) आसपासही वातावरण तापलेलं असतं. बेळगावातच कॉन्फरन्स ठेवणाऱ्यांनी सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बघून तारखा धराव्यात, नाहीतर पाहुण्यांना लॉज मिळताना मारामार.

ओडी लीव्हचा (कामासाठी बाहेर जायची रजा) अर्ज जायच्या आधी मंजूर करून घ्या, आल्यावर प्रिन्सिपल सही करतीलच असं नाही. मशीनच्या बस तिकिटावरची अक्षरं उडून जातात, टीए (प्रवास भत्ता) बिल पास होईपर्यंत कागद कोरा होतो, तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आणि नाव! आपल्या कर्नाटकातल्या मार्क्स कार्डावर बऱ्याच जणांचं नाव इनिशियलसकट, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, फॉर्मवर तिसरंच. कुठलं तरी एक ठरवा आणि सर्टिफिकेट हातात पडल्या पडल्या काउंटरवरच वाचा, नंतर मेल करत बसलात तर ऑर्गनायझिंग सेक्रेटरी तोवर नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणारी संस्था) फायलीत बुडालेला असतोय.