पावसाळ्याआधी कॅक्टसची मुळे कोकोपीटमधून मोकळी करावीत

मॉन्सून साधारणपणे १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतो, आणि वळवाच्या सरी त्याच्याही आधी येऊन जातात. पुढे सांगितलेल्या कामाला पहिल्या पाण्यापर्यंत जवळपास अडीच आठवडे लागतात. त्यामुळे ज्यांच्या गच्चीत किंवा गॅलरीत फुलणारे कॅक्टस आहेत, त्यांनी बागेतली बाकीची सगळी कामे बाजूला ठेवून याच आठवड्यात हे काम हाती घ्यावे.

घरच्या बागेतले कॅक्टस बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये सडतात, आणि त्याचे मूळ मे महिन्यात राहून गेलेल्या एका कामात असते. रोपवाटिकेतून आणलेले रोप आपण नव्या, देखण्या कुंडीत लावतो. परंतु मुळांभोवतीचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा तसाच आत राहतो. रोपवाटिकेला कोकोपीट सोयीचे असते, कारण ते हलके असते आणि वाहतुकीत रोप हलत नाही. मात्र ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात ते ठणठणीत वाळून आकसते आणि वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते. पावसाळ्याच्या दमट हवेत नेमके उलटे होते आणि एकदा भिजलेला गोळा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मुळांना हवा मिळेनाशी झाली की बुरशीला वाट मोकळी होते.

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबाने आपला इकिनॉप्सिस हा फुलणारा कॅक्टस दाखवण्यासाठी मला बोलावले होते. झाड वरून हिरवेगार होते आणि कुंडी छपराखाली होती. दोन बोटांनी हलकेच ढकलताच ते बुंध्यापासून सुटून माझ्या हातात आले. खाली तपकिरी लगदा झाला होता, त्याला आंबलेल्या ताकासारखा वास येत होता, आणि त्याच्या मधोमध बारीक जाळीत गुंडाळलेला लिंबाएवढा कोकोपीटचा गोळा होता. तो पिळल्यावर पाणी गळले. त्या कुंडीला दहा दिवसांत कोणी पाणी घातलेले नव्हते. असे झाड मी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहतो, आणि प्रत्येक वेळी आत तोच गोळा सापडतो.

रोप काढण्यापूर्वी चार दिवस पाणी बंद ठेवावे, म्हणजे मुळे कमी तुटतात. वर्तमानपत्राची जाड पट्टी झाडाभोवती गुंडाळून ते उचलावे. जाळी असल्यास कात्रीने कापून पूर्णपणे काढावी आणि कोकोपीट लाकडी काडीने हळूहळू विंचरून काढावे. धुवायची घाई करू नये. कुजलेली, पोकळ मुळे कापून टाकावीत. मग झाड सावलीत, हवेशीर जागी, कागदावर आडवे ठेवून पाच दिवस सुकू द्यावे. बागेतल्या इतर रोपांच्या सवयीमुळे अनेकांना हे क्रूर वाटते. कॅक्टसला मात्र त्याने काहीही होत नाही, उलट मुळांवरच्या जखमा बंद होतात. त्यानंतर कोरड्या मिश्रणात लावावे आणि पुढचे आठ दिवस पाण्याचा थेंबही घालू नये.

मिश्रणासाठी विटांचे वाटाण्याएवढे तुकडे दोन भाग, चाळून धूळ काढलेली नदीची भरड वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले पानांचे खत एक भाग घ्यावे. गिलाव्याची बारीक वाळू आणि समुद्राची वाळू वापरू नये. दर किलो मिश्रणात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळे कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळावा. मातीची, तळाला मोठे छिद्र असलेली आणि झाडापेक्षा जेमतेम दोन बोटे रुंद कुंडी पुरते. माझा अनुभव असा की जुन्या बांधकामाच्या भाजक्या विटांमध्ये मुळे सर्वांत चांगली धरतात. सिमेंट चिकटलेले तुकडे मात्र निवडून टाकावेत.

पावसाळ्यापूर्वीची आणि पुढची इतर कामे:
– कुंडीखालच्या ताटल्या काढणे.
– कुंड्या विटांवर उचलून ठेवणे.
– वर पारदर्शक छप्पर करणे, चारही बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवणे.
– पागोळ्यांच्या रेषेतून कुंड्या मागे घेणे.
– जून ते सप्टेंबर खत बंद ठेवणे.
– ऑक्टोबरमध्ये कुंड्या उन्हात हळूहळू, दोन आठवड्यांत नेणे.

पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी कीड) दिसल्यास कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून संध्याकाळी पुसून काढावा; प्रादुर्भाव जास्त असल्यास एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे. कुंडीच्या छिद्रातून मुंग्यांची ये-जा सुरू झाली असेल, तर मुळांवर पिठ्या ढेकूण असल्याचा संशय घ्यावा आणि झाड उपटून पाहावे. कोकोपीट काढताना ही तपासणी आपोआपच होते.

दुकानात या दिवसांत ‘कॅक्टस स्पेशल’ मिश्रण आणि फुलांसाठीची महागडी टॉनिके पुढे केली जातात. मी आणलेल्या एका पिशवीत निम्म्याहून अधिक कोकोपीटच निघाले, त्यामुळे पिशवी उघडून हाताने पाहिल्याशिवाय घेऊ नये. फुले येण्यासाठी रोज चार-पाच तास ऊन आणि डिसेंबर-जानेवारीतील कोरडी विश्रांती लागते, आणि या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. मॅमिलेरिया या लहान कॅक्टसच्या डोक्याभोवती फुलांचे गुलाबी कडे धरते ते या विश्रांतीनंतरच. विकत घेताना फुलाच्या बुडाशी गोंदाचा थेंब दिसला, तर ते सुके फूल चिकटवलेले आहे आणि खालच्या झाडाला इजा झालेली आहे, हे ओळखावे.

आपल्याकडे घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावतात ते झाडही कॅक्टसच आहे. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचे नाते नाही. मूळचे ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे आणि तिथे झाडांच्या फांद्यांवर वाढते. म्हणून त्याला सावली, पानांचे खत आणि पाऊस मानवतो, आणि पावसाळी रात्री ते फुलते. वरचे कोरडेपणाचे नियम त्याला लावू नयेत. ख्रिसमस कॅक्टसही याच स्वभावाचा आहे. परंतु साचलेले पाणी या दोघांनाही चालत नाही.

सावधगिरी बाळगूनही बुंधा मऊ लागला, तर त्याच दिवशी कापावे. धारदार पाते स्पिरिटने पुसून घ्यावे आणि खोडाच्या मधले कडे स्वच्छ, फिकट दिसेपर्यंत चकत्या काढत वर जावे. प्रत्येक कापाआधी पाते पुन्हा पुसावे. शेवटच्या कापावर एक लिटर पाण्यात २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मिसळलेले द्रावण लावावे. मी हळदही लावतो आणि हळद लावलेला काप लवकर सुकतो असे मला दिसले आहे. दहा-बारा दिवस सुकवल्यावर वरचा निरोगी तुकडा, कापलेली बाजू खाली करून, कोरड्या विटांच्या तुकड्यांवर टेकवून ठेवावा.

ज्यांच्या इकिनॉप्सिसवर आत्ता केसाळ कळी लांबत चालली आहे, त्यांचा हात थांबेल, कारण या वेळी मुळे हलवल्यास कळी गळते. कळी बोटभर झाली असेल तर मीही थांबतो. बारीक असेल तर तिची पर्वा करत नाही. थांबायचे असल्यास कुंडी वळवाच्या पावसापासून छपराखाली न्यावी आणि तिची दिशा बदलू नये. कळी संध्याकाळी फुगली की त्या रात्री घरातल्या सर्वांनी दिवा मंद करून तिच्याजवळ बसावे. कर्ण्यासारखे ते मोठे फूल अंधार पडल्यावर उघडते. दुसऱ्या दिवशी ते मान टाकते. तोवर कुंडी चांगली वाळलेली असेल, म्हणून त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राची पट्टी आणि लाकडी काडी घेऊन कामाला बसावे.