संध्याकाळी सहाचं पत्रक: कोरोनासारख्या साथीत कॉलेजच्या बातम्या स्टाफपर्यंत कशा पोचवायच्या

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, हे माझं काम. मार्च 2020 मध्ये प्राचार्य सरांचा फोन आला, "मॅडम, स्टाफला रोज काय ते तुम्हीच कळवत जा. सगळे मलाच फोन करालेत." 25 मार्चला, पाडव्याच्या दिवशी, देश बंद झाला आणि गुढीची पूजा आटोपून मी पहिलं पत्रक मोबाईलवर टाईप केलं. पुढं दोन वर्षं ते काम माझ्याकडंच राहिलं. परवा इचलकरंजीच्या एका कॉलेजातल्या हेडक्लार्कनी विचारलं, "पुन्हा असलं काही आलं तर कुठनं सुरुवात करायची?" फोनवर सांगितलं, पण अर्धं राहून गेलं. म्हणून इथं लिहिते.

सुरुवात नंबरापासून करा. जावक रजिस्टर ऑफिसात कुलपात असलं तरी घरात एक दोनशेपानी वही असतेच. प्रत्येक पत्रकाला क्रमांक, तारीख आणि "किती वाजेपर्यंतची माहिती" हे तिन्ही पहिल्याच ओळीत हवं. त्या दिवसांत कळंब्यात अमुक झालं, राजारामपुरीत तमुक झालं असे मेसेज दिवसाला पन्नास यायचे. त्यांतल्या एकालाही नंबर नसायचा आणि वेळही नसायची. "आजपासून बंद" असं लिहिलेला मेसेज चार दिवसांनी फिरून परत आला तर त्यातला "आज" कुठला, हे कुणाला कळणार? महिनाभरात आमच्या स्टाफला सवय लागली. कुणी काही पाठवलं की पलीकडून विचारणा व्हायची, "पत्रकात आहे का? नंबर सांगा."

वेळही एकच ठेवा. आम्ही संध्याकाळी सहा ठरवली होती, कारण शासनाचे आणि विद्यापीठाचे कागद बहुतेक ऑफिस सुटायच्या बेतालाच येतात. सहानंतर आलेलं दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात. मध्येच जादा पत्रक काढायचं ते दोनच कारणांनी: कुणाला उद्या सकाळी घराबाहेर पडावं लागणार असेल, किंवा पडायचं रद्द झालं असेल.

मजकुराचा साचा असा होता:

पत्रक क्र. 48. दि. 11 मे 2020, सायं. 6 पर्यंतची माहिती.
नवीन: उद्या मंगळवारी ऑफिस 11 ते 2 उघडं. रोखपाल आणि एक शिपाई येतील, इतरांनी येऊ नये. ग्रंथालयाची पुस्तकं घरीच ठेवावीत, दंड नाही.
बदल: पत्रक 45 मधली गुरुवारची ऑनलाईन बैठक रद्द.
तेच: वर्ग बंद. परीक्षेबाबत विद्यापीठाचं नवं परिपत्रक आज आलेलं नाही.

शेवटची ओळ कुणालाही फालतू वाटेल. सुरुवातीला मीही ती लिहीत नव्हते. मग रोज रात्री नऊला वीस जण विचारायचे, "परीक्षेचं काय?" काही आलेलं नाही, हेही लिहून कळवावं लागतं. ते लिहायला लागले आणि रात्रीचे फोन निम्म्यावर आले.

आता बातमी खरी कधी मानायची ते सांगते. 2020च्या उन्हाळ्यात अंतिम वर्षाच्या परीक्षेनं आमचा जीव काढला. राज्य सरकार म्हणत होतं परीक्षा नको. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं, सप्टेंबरअखेर घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 ऑगस्टला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी नाही, मुदत वाढवून हवी तर राज्यानं आयोगाकडं मागावी. या सगळ्या दिवसांत टीव्हीवरची पट्टी बघून आमचे सर लोक कधी पेपर काढायला बसायचे, कधी थांबायचे. म्हणून मी पायऱ्या ठरवल्या. मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं ते विधान. शासनाचा कागद निघाला तो निर्णय. विद्यापीठानं कॉलेजांना लिहिलं ते परिपत्रक. प्राचार्यांनी सही केली तो आदेश. पत्रकात बातमीपुढं यांतला एक शब्द लिहायचाच. "विधान" लिहिलेलं दिसलं की ऐकायचं आणि सोडून द्यायचं, "आदेश" दिसला की कामाला लागायचं.

खोटे शासन निर्णयही बरेच फिरायचे. राजमुद्रा आणि सही बघून माणूस फसतो. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो, लांबलचक आकडा. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते आणि तो आकडा घालून कागद शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. फोटो काढून पाठवलेल्या कागदाचं नेमकं शेवटचं पान गायब असतं. शेवटचं पान मागा. नाही आलं तर पत्रकात घेऊ नका.

टक्केवारी पत्रकात कधीही जशीच्या तशी उतरवू नका. वरून आदेश यायचे: पहिल्या लाटेच्या सुरुवातीला सरकारी कार्यालयांत 5 टक्के उपस्थिती, एप्रिल 2021 मध्ये 15 टक्के. आमच्या शिपाईमामांनी सरळ विचारलं, "मॅडम, मी किती टक्के?" तेव्हापासून टक्के माझ्या वहीत आणि पत्रकात वार आणि नाव. सोमवारी कोण, बुधवारी कोण, आणि त्यातला आजारी पडला तर बदली कोण. ज्याला यायचं त्याला ओळखपत्राबरोबर कॉलेजच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या, जावक क्रमांक आणि गोल शिक्का मारून. दसरा चौकातल्या नाकाबंदीत पोलिसांनी आमच्या रोखपालांचा मोबाईलमधला मेसेज बघितलाही नाही, शिक्क्याचा कागद बघून सोडलं.

पत्रक पोचवायचं कसं, यात मी दोन चुका केल्या. पहिली फाँटची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलं, फाईल पाठवली, आणि निम्म्या लोकांच्या मोबाईलवर त्याची नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ उघडली. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाईप करा आणि फाईल न जोडता साधा मेसेज म्हणूनच पाठवा. गगनबावडा आणि शाहूवाडीकडच्या लोकांना एकेक काडी रेंज असायची. साधा मेसेज तेवढ्यातही जातो, पीडीएफ गोल गोल फिरत बसते.

दुसरी चूक ब्रॉडकास्ट लिस्टची, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीची. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट केलेलं त्यालाच मिळतं, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांपैकी बऱ्याच जणांकडं आवक-जावकवाल्या बाईचा नंबर कशाला असेल? तीन आठवडे त्यांना एकही पत्रक गेलं नव्हतं आणि मी समजत होते, गेलं. शेवटी ग्रुप केला, फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं असं सेटिंग लावलं. चर्चेचा जुना ग्रुप तसाच राहू दिला. तिथं आले-लिंबाचे काढे, सुप्रभात, सगळं चालू दे, आपल्या पत्रकाच्या ग्रुपात नको.

साधा बटणाचा फोन किंवा नुसता लँडलाईन असलेले आमच्याकडं पाच जण होते. तीन शिपाई, एक प्रयोगशाळा परिचर आणि निवृत्तीला आलेले एक सर, ज्यांनी मोबाईल घ्यायचाच नाही असं ठरवलेलं होतं आणि ज्यांचा लँडलाईन मंगळवार पेठेत अजून वाजत होता. त्या पाचांना मी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन करून पत्रक वाचून दाखवायची. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा, "आता सांगा, उद्या तुम्ही यायचं का?" "हो, हो, कळलं" याच्यावर कधी विश्वास ठेवू नका.

आता सगळ्यांत अवघड भाग. माणसांच्या बातम्या.

2020च्या पावसाळ्यात आमच्या एका क्लार्कचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्यानंच मला फोनवर सांगितलं. मी चांगल्या मनानं पत्रकात लिहिलं, नावासकट, "लवकर बरे व्हावे ही शुभेच्छा." तासाभरात ते पत्रक कॉलेजबाहेर गेलं आणि त्याच्या गल्लीत पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात आला नाही. बायको आणि दोन पोरं घरात, बाहेरून पत्रा लावलेला. त्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्याच्या बायकोनं दाखवला, आणि बरोबरच होतं तिचं. मी फोनवर ऐकलेली गोष्ट छापायची परवानगी समजले होते.

त्यानंतर पद्धत बदलली. आजारी माणसाचं नाव पत्रकात नाही. "या आठवड्यात 8 ते 10 तारखेला ऑफिसात आलेल्यांनी तब्येतीकडं लक्ष ठेवावं, मला फोन करावा" एवढंच लिहायचं. जे खरोखर जवळ बसले होते त्यांना वेगळा फोन, तोही आजारी माणसाला विचारून. त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर वाक्य त्याचं, शब्द त्याचे, मी एक अक्षर घालणार नाही. मदतीची ओळ मात्र रोज द्या: डबा कोण पोचवतंय, ऑक्सिमीटर कुणाकडं आहे. आमच्या स्टाफनं दोन ऑक्सिमीटर घेतले होते आणि ते कुठल्या घरी आहेत ते फक्त माझ्या वहीत असायचं. ज्याला लागेल त्यानं मला विचारायचं.

मृत्यूची बातमी याहून जपून द्या. 2021च्या मे महिन्यात आमचे एक प्रयोगशाळा सहायक ऑक्सिजनवर होते. सकाळी चर्चेच्या ग्रुपात कुणीतरी "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकली, हार घातलेल्या फोटोसकट. पाठोपाठ तीसेक जणांनी हात जोडले. माणूस जिवंत होता. त्यांची मुलगी त्या ग्रुपात नव्हती, पण तिच्या मावसभावाला कुणीतरी ते पुढं पाठवलं. ते सहायक चौथ्या दिवशी खरोखरच गेले, आणि त्या दिवशी ग्रुपात कुणालाच काही लिहिता येईना.

तेव्हा घरातल्या एकाच माणसाशी बोला, आणि तो कोण हे आधीच, आजारपणातच, विचारून ठेवा. त्यानं सांगेपर्यंत पत्रक नाही, प्राचार्यांनी सांगितलं तरी नाही. आजाराचं नाव घरच्यांनी सांगायला लावलं तरच लिहा. फोटो नको. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, म्हणून "कुणी येऊ नये, घरच्यांची तशी विनंती आहे" हे स्पष्ट लिहावं लागायचं. लिहिताना हात जड व्हायचा, पण न लिहिलं तर चाळीस माणसं निघाली असती. आणि त्यांच्या कामाबद्दल एक खरी ओळ लिहा. मी लिहिलं होतं, "प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी सगळे ब्युरेट धुऊन उलटे लावून ठेवल्याशिवाय ते घरी गेले नाहीत." त्यांच्या मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं, असं नंतर कळलं.

पैशांची बातमी देताना शासनाच्या कागदातला शब्द बदलू नका. मार्च 2020चा पगार दोन टप्प्यांत देणार असं ठरलं आणि गावभर झालं "पगारकपात". टप्पा आणि कपात या दोन शब्दांतल्या फरकावर घराच्या कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. तासिका तत्त्वावरच्या लोकांचा विषय वेगळ्या ओळीत घ्या, "सर्व स्टाफ" असं लिहून त्यांना त्यात गुंडाळू नका. त्यांना काय मिळणार हे ठरलेलं नसेल तर "तासिका तत्त्व: अजून आदेश नाही" असं रोज लिहा. माझ्यावर थोडे नाराज झाले वरचे. पण ती ओळ रोज दिसते म्हटल्यावर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

चूक झाली तर जुना मेसेज डिलीट करू नका. नव्या पत्रकात "बदल" खाली जुन्या नंबरासकट लिहा. लसीचंच बघा. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे, 22 मार्च 2021 पासून 4 ते 8 (शक्यतो 6 ते 8), आणि 13 मे पासून 12 ते 16. पहिलं पत्रक मी पुसलं असतं तर दुसऱ्या डोसाला जाऊन हात हलवत परत आलेल्या मॅडमना वाटलं असतं, आपणच चुकीचं वाचलं. तेव्हापासून नियमापुढं "आजच्या नियमाप्रमाणे" लिहायला लागले.

कोल्हापुरात साथीच्या मध्ये पूरही येतो, हे धरून चाला. जुलै 2021 मध्ये आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. त्या आठवड्यात पाणी त्याच्या किती तरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, बऱ्याच भागात लाईट नाही. मोबाईल चार्ज होईनात तिथं ग्रुप काय करणार? तेव्हा गल्लीवार एकेक माणूस नेमला आणि कॉलेजच्या गेटवर आतल्या बाजूनं, काचेत, छापील पत्रक लावलं. ही नेमणूक मे महिन्यातच करून ठेवा. जुलैत माणसं स्वतःचं सामान माळ्यावर चढवत असतात.

वही जपा. नंतर रजेचे हिशेब, हजेरीचे वाद, कुणाला कधी बोलावलं होतं याची विचारणा, सगळं तिच्यावरच सुटलं.

आणि पत्रक बंद करायचं असेल तर आठ दिवस आधी कळवा. 2022च्या पाडव्याला निर्बंध उठले, कॉलेज तर फेब्रुवारीतच भरायला लागलं होतं. मी पत्रक क्र. 412 काढलं आणि खाली लिहिलं, "हे शेवटचं." दुसऱ्या दिवशी साडेसहाला घरी चहा ठेवला होता, तेवढ्यात फोन वाजला. मंगळवार पेठेतला लँडलाईन. सर विचारत होते, "आज सहाचा फोन आला नाही. तब्येत बरी आहे ना तुमची?" त्या शेवटच्या पत्रकाची ती ओळ त्यांना वाचून दाखवायची मी विसरले होते.