कोअर दुप्पट केले, वेळ तेवढाच? आधी डेटा कुठल्या मेमरीत आहे ते बघा

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, नवीन विद्यार्थी आले की महिन्याभरात कुणीतरी माझ्याकडे येतंच. "मॅडम, ४८ कोअर दिले, तरी प्रोग्राम पळत नाही." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणना करणाऱ्या भागावर) किती वेळ लागला होता? बहुतेकांनी तो मोजलेलाच नसतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

एका कोअरवर मोजतानाही कंपायलरचं ऑप्टिमायझेशन पूर्ण चालू ठेवा. मुद्दाम संथ ठेवलेल्या प्रोग्रामशी तुलना केली तर आलेख देखणा दिसतो, पण तो खोटा असतो. स्लर्ममध्ये (क्लस्टरवर जॉबना जागा वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अख्खा नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक, एकट्यासाठी मागा, कारण शेजारी दुसऱ्याचा जॉब चालू असेल तर त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. फाइल वाचण्या-लिहिण्याचा वेळ आणि मुख्य लूपचा वेळ वेगवेगळा मोजा. प्रत्येक रन पाचदा करा, पाचही आकडे वहीत उतरवा आणि तक्त्यात मधला घ्या.

मग २, ४, ८, १६, २४, ४८ असे थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) वाढवत जा. थ्रेड कोअरला बांधून ठेवायला विसरू नका (लूपचं काम थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या ओपनएमपीत 'प्रॉक बाइंड' हे सेटिंग त्यासाठीच आहे), नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते.

अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाचा १९६७ चा हिशोब सगळ्यांना पाठ असतो: प्रोग्रामचा ५ टक्के भाग एकाच कोअरवर चालणारा असेल तर ४८ कोअरवर वेग फार तर १४ पट होतो, आणि कितीही कोअर लावले तरी २० पटींच्या पुढे जात नाही. पण मी पाहिलेले बरेचसे प्रोग्राम त्याआधीच अडकलेले असतात, आणि अडकतात ते मेमरीपाशी.

माझंच उदाहरण घ्या. धातूच्या पत्र्यात उष्णता कशी पसरते त्याचा प्रोग्राम, २०,००० × २०,००० बिंदूंची जाळी. एक संख्या ८ बाइटची, म्हणजे सगळ्या बिंदूंच्या संख्यांचा एक ॲरे ३.२ जीबीचा. प्रत्येक फेरीत जुना ॲरे वाचायचा, नवा लिहायचा. शिवाय लिहिण्याआधी प्रोसेसर ती जागा मेमरीतून कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) ओढून घेतो. एकूण ९.६ जीबीची ने-आण. (शेजारच्या ओळी पुन्हा मेमरीतून आणाव्या लागत नाहीत असं धरलंय. तीन ओळी मिळून ४८० केबी होतात, तेवढ्या कॅशमध्ये मावतात.) नोडवर दोन प्रोसेसर, प्रत्येकी २४ कोअर आणि स्वतःच्या डीडीआर४-२९३३ मेमरीचे सहा चॅनेल (डेटा ने-आण करायचे मार्ग). कागदावर एका प्रोसेसरला सेकंदाला सुमारे १४० जीबी, दोघांना मिळून २८० जीबी. म्हणजे एक फेरी ३४ मिलीसेकंदांच्या आत होणं शक्यच नाही, आणि हजार फेऱ्यांना किमान ३४ सेकंद. हा आकडा जॉब टाकण्याआधी काढा. मग जॉन मॅककॅल्पिन यांचा स्ट्रीम बेंचमार्क (मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवून प्रत्यक्षात किती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती जीबी, मिळते तेही बघा. ती कागदापेक्षा कमीच भरते.

माझ्या हजार फेऱ्यांना २४ थ्रेडवर ९२ सेकंद लागले. ४८ वर ९०. दोन दिवस मी मुख्य लूपच उलटसुलट करत बसले. चूक मात्र त्याच्या कितीतरी वर होती, ॲरेमध्ये सुरुवातीला शून्य भरणाऱ्या साध्या लूपमध्ये. लिनक्स मेमरीचं पान (एक छोटा तुकडा) प्रत्यक्षात देतो ते त्याला पहिल्यांदा लिहिलं जातं तेव्हा, आणि शक्यतो लिहिणाऱ्या थ्रेडजवळच्या मेमरीत. शून्य भरत होता एकटा पहिला थ्रेड. त्यामुळे दोन्ही ॲरे पहिल्या प्रोसेसरच्या मेमरीत जाऊन बसले आणि ४८ थ्रेड त्याच सहा चॅनेलवर गर्दी करत राहिले. दुसरे सहा जवळजवळ रिकामे. शून्य भरणाऱ्या लूपवरही मुख्य लूपसारखीच ओपनएमपीची ओळ लावली, वाटणीही तशीच ठेवली. ४८ सेकंद!

१९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरची (प्रोसेसर चिपची) मेमरी वेगळी होती. डेटा कुठे ठेवायचा ते प्रोग्रामरला ठरवावंच लागे. आज एका नोडची मेमरी वरून एकसंध दिसते, म्हणून हा विचार राहून जातो. तो करायला शिकाच, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

एवढं करूनही वेळ उतरला नाही तर थ्रेड एकमेकांना लागून असलेल्या जागांवर लिहीत नाहीत ना, ते तपासा. कॅशची एक ओळ सहसा ६४ बाइटची असते; तेवढ्यात आठ थ्रेडचे आठ काउंटर बसले की ती ओळ कोअरांमध्ये नुसती फिरत राहते. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्थानिक काउंटर द्या, बेरीज शेवटी एकदाच करा.

तक्त्याखाली जाळीचा आकार, कंपायलरची आवृत्ती आणि फ्लॅग, थ्रेड कसे बांधले ते आणि स्ट्रीमचा आकडा लिहा. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतील तेव्हा हेच रन पुन्हा करावे लागतात.